धुपणारी बाटली

आमच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, गंजाचं एक कडं होतं. बशीएवढं. बाटली उचलली की मधोमध बुडाच्या आकाराची, रंग शाबूत राहिलेली जागा दिसायची आणि तिच्याभोवती तांबूस, पापुद्रे सुटलेला पत्रा. शेजारच्या बाटल्यांची लेबलं तपकिरी पडून कोपऱ्यांत वळली होती. काचेवरून बोट फिरवलं तर पांढरी पूड लागायची. दीडशे बाटल्यांच्या कपाटात हा सगळा उद्योग एकटीचा होता: फॉस्फरस पेंटाक्लोराईड, १०० ग्रॅम, घासून बसवलेलं काचेचं बूच, बुचाभोवती मेण.

पोरं तिला ‘पीसीएल फाइव्ह’ म्हणायची. आमचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज काकाजी म्हणायचं, ते तिला ‘धुपनारी’ म्हणायचे. “मॅडम, आज थे धुपनारी काहाडाची हाय का?” असं विचारताना त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा आधीच नाकापर्यंत चढलेला असायचा. रसायनांची नावं त्यांनी आपल्या सोयीनं ठेवली होती. ब्रोमीन म्हणजे ‘लालभडक’, ईथर म्हणजे ‘झोपवणारं’. कॉलेजच्या यादीपेक्षा त्यांची यादी मला नेहमी जास्त खरी वाटली, कारण तीत प्रत्येक बाटली काय करते ते होतं.

भौतिक गुणधर्म हा भाग मी बरीच वर्षं पाच मिनिटांत उरकत आले. रंग, अवस्था, वास, द्रवणांक, उत्कलनांक, विद्राव्यता. स्थळ सुचवताना पाठवतात तशी ती यादी: वर्ण गोरा, उंची पाच-तीन, स्वभाव शांत. खरं रसायन त्याच्या पुढं सुरू होतं अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत. पोरांनाही ती यादी आवडायची, पाठ करायला सोपी म्हणून.

एका वर्षी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एका मुलानं लिहिलं: ‘रंग पिवळसर-हिरवट. ढेकळं. धूर येतो. नाकात झोंबते.’ मी लाल पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘पांढरा स्फटिकी घन पदार्थ’. गाइडात तेच होतं. पोरगं काही बोललं नाही. जर्नल परत घेताना त्यानं एकदा टेबलावरच्या बाटलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मीही पाहिलं. बाटलीतला माल पिवळसर-हिरवटच होता, आणि ढेकळंच होती.

शुद्ध पेंटाक्लोराईड पांढरं असतं, यात वाद नाही. पण दुकानातून येतं त्यात थोडा मोकळा क्लोरीन असतो, आणि ती हिरवट झाक त्याची. म्हणजे मुलानं जे दिसलं ते लिहिलं होतं आणि मी जे कधी पाहिलं नव्हतं ते लिहायला लावलं होतं. त्याचा अर्धा गुण मी कापला होता. तो परत दिला नाही, याची रुखरुख अजून आहे. त्या वयात मास्तरकी अंगात फार असते.

वासाचं प्रकरण तर त्याहून अवघड. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘तीव्र, झोंबणारा वास’. हा वास पहिल्यांदा कुणाच्या तरी नाकाला झोंबला असणार. १८०८ मध्ये पॅरिसला गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी कॅलोमेल आणि फॉस्फरस एकत्र तापवून ट्रायक्लोराईड मिळवलं. त्याच सुमारास तिकडं लंडनला हम्फ्री डेव्ही क्लोरीन आणि फॉस्फरस यांची गाठ घालत होता. डेव्ही तर वायू हुंगून बघण्यासाठी प्रसिद्धच. पण या पदार्थाचा स्वतःचा असा वास कोणता, हे डेव्हीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. त्याची वाफ नाकात शिरते न शिरते तोच तिला तिथला ओलावा भेटतो आणि तिचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. झोंबतं ते हे आम्ल. ते बाटलीत नव्हतं, आपल्या नाकात तयार झालं. अर्धी सामग्री त्याची, अर्धी आपली. तेव्हा ‘वास’ हा रकाना भौतिक गुणधर्मांच्या यादीतून उचलून रासायनिक गुणधर्मांत टाकायला हवा, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं. सगळे हसले. अभ्यासक्रमात असले बदल चालत नाहीत.

धुराचंही तेच. बाटली उघडली की तोंडाशी पांढरं धुकं जमतं, ते पेंटाक्लोराईडचं नसतं. हवेतली वाफ ओढून घेऊन आम्लाचे बारीक थेंब होतात, ते दिसतात. धूर किती येईल हे बाटलीवर जेवढं अवलंबून, तेवढंच खिडकीबाहेरच्या हवेवर.

आणि आमच्या खिडकीबाहेर नागपूर होतं. मे महिन्यात इथं दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, कधी त्याच्याही खाली. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी गच्चीवर टाकलेली चादर मी दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिल्या टोकाला वाळली होती. अशा हवेत आमची धुपणारी जवळजवळ धुपतच नसे. एका उन्हाळी परीक्षेला समुद्रकाठच्या गावाहून बाहेरचे परीक्षक आले होते. घामानं बेजार, पण आवाज करडा. अल्कोहोलमधला ओएच गट ओळखायचा प्रयोग सुरू होता: कोरड्या द्रवात पेंटाक्लोराईडची चिमूट टाकायची आणि निघणाऱ्या वायूजवळ अमोनियात बुडवलेली काचेची कांडी धरायची. परीक्षकांनी बाटली स्वतः उघडून पाहिली. बुचाशी नावापुरती एक रेघ तरळली आणि विरली. “हे मेलेलं आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडं बूच सैल केलं तरी खोली भरते.”

मी स्पष्टीकरणाची जुळवाजुळव करत होते. काकाजी म्हणाले, “सर, दोन मिनिट थांबा. कूलर लावतो.”

खिडकीतला तो जुना पत्र्याचा कूलर परीक्षेच्या वेळी आवाज करतो म्हणून बंद ठेवला होता. त्यात वाळा नुकताच नवा भरलेला. पंप चालू झाला, वाळ्यावरून पाणी ओघळायला लागलं, पंखा घरघरला आणि ओल्या वाळ्याचा तो वास खोलीभर झाला. काकाजींनी बाटली उचलून कूलरच्या झोताच्या जरा कडेला धरली आणि बूच काढलं. धूर असा निघाला की पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांसकट मागं सरकली. परीक्षक खोकत खोकत हसले. त्यांनी कुठंतरी काहीतरी लिहून घेतलं. काय ते मला कळलं नाही.

त्या दिवसानंतर मी ‘हवेत धुपतो’ हे वाक्य शिकवताना विचारायला लागले: कुठल्या हवेत? उत्तर सोपं नसे. जूनच्या मध्यात पहिला पाऊस पडून व्हरांड्यात मातीचा वास आला की काकाजी न सांगता कपाट उघडून मेणाचा नवा थर देत, कारण त्या आठवड्यापासून बाटली बंद बुचातूनही धुपायला लागे. गंजाचं ते कडं दर पावसाळ्यात बोटभर वाढायचं. आमच्याकडं हवामान खात्याचं यंत्र नव्हतं, पण कपाटाच्या त्या फळीवर बऱ्याच पावसाळ्यांची नोंद होती. तसाही यंत्रांचा फार भरवसा धरू नये. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, गावभर चर्चा झाली आणि मग खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

हा पांढरा धूर माझ्या फार आधीपासूनच्या ओळखीचा. महालातल्या आमच्या वाड्याच्या बोळात कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी, हातभर भाता, कोळसे. आईची भंडाऱ्याहून आलेली पितळी पातेली तो चिमट्यात धरून तापवायचा, कथलाची कांडी आत फिरवायचा आणि मग चिमूटभर नवसागर टाकायचा. फस्सकन पांढरा ढग उठायचा, नाक-डोळे झोंबायचे, आणि त्या ढगाच्या आत त्याचा हात कापसाच्या बोळ्यानं भराभरा फिरायचा. ढग विरला की पातेलं चांदीचं झालेलं. आम्हा मुलांना वाटायचं, चमत्कार त्या धुरात आहे.

बरंच पुढं कळलं की होताच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलं की ते वितळत नाही. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे त्याचे दोन भाग होतात. हायड्रोजन क्लोराईड पितळेवरचा काळा थर खाऊन टाकतो म्हणून कथील धरतं. उरलेले दोघं वर थंड हवेत गेले की पुन्हा एकमेकांना भेटतात, परत नवसागर होतात, आणि त्या बारीक कणांचा तो ढग. आमच्या ओएच गटाच्या परीक्षेत कांडीभोवती जो दाट धूर दिसायचा, तोही नवसागरच. आणि कपाटातल्या बाटल्यांवरची ती पांढरी पूड? तीही. वरच्या फळीवर अमोनिया, खालच्या फळीवर धुपणारी. रात्रभर बंद कपाटात दोघींची वाफ मधल्या फळीवर भेटायची. काकाजी दर शनिवारी नवसागर पुसत होते, कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं एवढंच. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, “म्हंजे कल्हई कराले चालंल?”

पेंटाक्लोराईड आणि नवसागर यांची गाठ इतिहासातही पडली आहे, आणि ती गोष्ट मी वर्गात नेहमी लांबवून सांगायची. १८११ मध्ये आव्होगाद्रोनं म्हटलं होतं की समान तापमान आणि समान दाब असेल तर वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. हे खरं धरलं तर वाफेचं वजन करून रेणूचं वजन काढता येतं. पेंटाक्लोराईडची वाफ या हिशेबानं हवेच्या ७.२ पट जड भरायला हवी. कहूर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८४० च्या दशकात ती प्रत्यक्ष तोलली. १८२ अंशांना भरली ५.०८ पट. २५० अंशांना ३.९९. ३०० ला ३.६५, आणि त्यापुढं कितीही तापवली तरी तिथंच अडकली. म्हणजे हवी त्याच्या जवळजवळ निम्मी. नवसागराची वाफही अशीच निम्मी भरायची. आव्होगाद्रोचं म्हणणंच चुकीचं असावं, असं म्हणणारेही निघाले.

आकडे बरोबर होते, तोलणारा बरोबर होता, आव्होगाद्रोही बरोबर होता. चूक एवढीच की कहूर जे तोलत होता ते पेंटाक्लोराईड राहिलं नव्हतं. तापता तापता प्रत्येक रेणू ट्रायक्लोराईड आणि क्लोरीन असा फुटत होता. एकाचे दोन झाल्यावर तेवढ्याच जागेत वजन निम्मं येणारच. हा खुलासा १८५८ च्या सुमारास कान्निझारो, केक्युले, कॉप अशा काहींनी आपापल्या वाटेनं केला. पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. १८६२ मध्ये पेबालनं नवसागराच्या वाफेतून अमोनिया आधी पळून जातो हे लिटमसवर दाखवलं, आणि पुढच्या वर्षी वँकलिन आणि रॉबिन्सन यांनी पेंटाक्लोराईडच्या वाफेतून क्लोरीन वेगळा सरकवून दाखवला. नुसती डोळ्यांची साक्षही होतीच: रंगहीन असायला हवी ती वाफ तापवावी तशी हिरवट होत जाते.

कहूरच्या त्या ३.९९ ला नागपुरात अजून मरण नाही. ७.१९ ला ३.९९ नं भागलं, एक वजा केला की ०.८० येतो, ‘२५० अंशांना पेंटाक्लोराईडचं ८० टक्के वियोजन होते’ असं सुरू होणारं गणित शहरातल्या कुठल्याही कोचिंग क्लासच्या प्रश्नसंचात सापडेल. पोट्टे ते चाळीस सेकंदांत सोडवतात. त्यामागं एका माणसानं काचेचा फुगा आणि तराजू घेऊन दीडशे अंशांची चढण चढली होती, हे त्यांना सांगायला क्लासवाल्यांकडं वेळ नसतो आणि खरं सांगायचं तर परीक्षेत त्याला गुणही नसतात.

उघड्या भांड्यात तापवलं तर पेंटाक्लोराईड १६० अंशांच्या आसपास कापरासारखं उडून जातं. पूजेच्या ताम्हनात कापूर वितळलेला कुणी पाहिला आहे? तसंच. वितळवायचं असेल तर बंद नळीत कोंडून, त्याच्याच वाफेचा दाब त्याच्यावर देऊन, १६७ पर्यंत न्यावं लागतं. यादीत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात आणि मुलं विचारतात, आधी उडून जातं तर मग वितळतं कधी? हा प्रश्न विचारणारं मूल मला दर दोन-तीन वर्षांनी एक भेटायचं. आमच्याकडं पाणीदेखील पुस्तकाप्रमाणं वागत नाही. शून्य मैलाच्या खांबापाशी नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. त्यामुळं इथं पाणी ९९ च्या आसपास उकळतं. आणि तरी जर्नलमध्ये शंभर लिहिणाऱ्यांची संख्या ९९ लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. जे दिसतं ते लिहिणाऱ्याला भीती वाटते. ती कुणी घातली, हे मला माहीत आहे. लाल पेन माझ्याच हातात होतं.

या घराण्यातली बाकीची भावंडं एकेका तऱ्हेची. पेंटाफ्लुओराईड वायू. ट्रायक्लोराईड पाण्यासारखं पातळ पण पाण्याच्या दीडपट जड, ७६ अंशांना उकळणारं. एप्रिल-मेमध्ये त्याचं बूच काढताना आत कोंडलेली वाफ फुस्स करून तोंडावर येते, म्हणून ती बाटली आम्ही सकाळी आठच्या आत हाताळायचो. ट्रायआयोडाईड लाल, ६१ अंशांना वितळणारं. आणि पेंटाक्लोराईड थोडं भिजलं की होणारं ऑक्सिक्लोराईड, ते १.२५ अंशांना गोठतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं, त्या सकाळी मी मुद्दाम कपाट उघडून पाहिलं. द्रवच होतं. विदर्भाची थंडी सव्वादोन अंशांनी कमी पडली.

सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र घन अवस्थेतली. वाफेत पेंटाक्लोराईडचा रेणू सुटा असतो: मधे फॉस्फरस, कमरेभोवती तीन क्लोरीन, वर एक, खाली एक; वरखालचे जरा जास्त लांब. हेच चित्र आम्ही फळ्यावर काढतो आणि बाटलीतही हेच असणार असं धरून चालतो. १९४२ मध्ये क्लार्क, पॉवेल आणि वेल्स यांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासला तेव्हा आत निराळंच निघालं. प्रत्येक दोघांतल्या एकानं आपला एक क्लोरीन दुसऱ्याला देऊन टाकलेला. एकाकडं चार, दुसऱ्याकडं सहा. एक धनभारित, एक ऋणभारित, मिठासारखे एकमेकांना धरून बसलेले. पाच क्लोरीन असलेला रेणू सबंध ढेकळात एकही नाही. ब्रोमीनच्या बाबतीत तेवढंही जमत नाही. सहा ब्रोमीन एका फॉस्फरसभोवती मावत नाहीत, म्हणून चार राहतात आणि पाचवा नुसता शेजारी उभा.

मग लेबलावर जे नाव होतं ते कुणाचं? ३०० अंशांना वाफेत तो रेणू जवळजवळ उरत नाही, आणि थंड ढेकळात तो नसतोच. मधल्या कुठल्या तरी तापमानाला, कुणी पाहत नसताना, तो थोडा वेळ नावाप्रमाणं असतो. हे मी एकदा वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मंग आपण काय आणलं होतं दुकानातून?”

हा प्रश्न मला २०१७ च्या दिवाळीनंतर निराळ्या रीतीनं पुन्हा भेटला. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यांत होते. आमच्या वर्गात त्या जिल्ह्यातला एक मुलगा होता. त्याचा काका आठ दिवस यवतमाळला भरती राहून घरी परतला होता. सुट्टीनंतर तो प्रयोगशाळेत आला आणि त्यानं विचारलं, मोनोक्रोटोफॉसमध्ये फॉस्फरस कुठून येतो. मी फळ्यावर काढून दाखवलं: ट्रायक्लोराईड, त्यावर मिथेनॉल, त्यातून ट्रायमिथाईल फॉस्फाईट, त्यातून पुढं ते. कपाटात खालच्या फळीवर जे कुटुंब बसलं आहे त्यातलंच एक जण कारखान्यात जाऊन, क्लोरीन सोडून, निराळं नाव घेऊन वावरात पोचतं. शेतकरी त्याला ‘औषध’ म्हणतात. खताच्या गोणीवर हाच फॉस्फरस ‘स्फुरद’ असतो.

तो म्हणाला, डब्यावर लाल त्रिकोण होता, हे काकाला माहीत होतं. हातमोजे घालायचे, तोंड झाकायचं, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारायचं नाही, हेही लिहिलेलं होतं, अगदी बारीक अक्षरात. पण त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. पंप पाठीवर, नळी वर करून फवारायचं, आणि ते सगळं परत आपल्याच तोंडावर. दमट ऊन. तोंडाला बांधलेलं फडकं घामानं ओलं होतं आणि मग ते फडकंच औषध धरून ठेवतं. “मॅडम, थे लिवनाऱ्यानं पऱ्हाटी पायलीच नसंल,” तो म्हणाला. काकाला भरती केलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, आणि ॲट्रोपिनची इंजेक्शनं मोजायचं नर्सनं सोडून दिलं होतं, असंही त्यानं सांगितलं. मग त्यानं जर्नल काढलं आणि प्रयोगाला लागला. मी त्या दिवशी कुणाच्याही जर्नलमध्ये काही खोडलं नाही.

निवृत्तीला चार दिवस राहिले असताना निर्लेखन समिती आली. डेडस्टॉक आणि जुनी रसायनं रजिस्टरातून कमी करायची होती. जून संपत आलेला, सकाळपासून झड लागलेली, भिंतींना ओल. समितीत दोन प्राध्यापक आणि कार्यालयातले मोठे बाबू, लिहिणारे तेच. दोघं प्राध्यापक चहाला म्हणून गेले ते परत आले नाहीत. बाबूंनी छापील तक्ता टेबलावर पसरला आणि एकेक बाटली घ्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत आम्ही खालच्या फळीवर आलो.

“फॉस्फरस पेंटाक्लोराईड, शंभर ग्रॅम,” त्यांनी रजिस्टरातून वाचलं. “घन. वापरलं किती?”

“चाळीसेक ग्रॅम.”

“मग साठ पाहिजे.” त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. आत तळाशी सुपारीएवढं पिवळट ढेकूळ होतं आणि ते एका दाट, मधासारख्या द्रवात अर्धं बुडालं होतं. “हे तर दहा ग्रॅम बी नाही. बाकीचं कुठं गेलं?”

काकाजींनी कपाटाकडं बोट दाखवलं. “थ्या पत्र्यात गेलं. थोडं लेबलाईत. बाकीचं हवेत गेलं, साहेब. दर पावसाळ्यात थोडं थोडं.”

बाबूंनी वाकून ते कडं पाहिलं. पेनाच्या टोकानं एक पापुद्रा उचकटला. ‘हवेत गेलं’ असं लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. त्यांनी ‘शेरा’ या सदरात काहीतरी खरडलं आणि पुढच्या रकान्यावर आले. “भौतिक स्थिती. घन, द्रव, वायू. एकावर खूण करा.”

मी म्हटलं, घनही आहे, द्रवही आहे.

“एकच करा मॅडम. दोन केल्या तर वरून परत येते.”

“ढेकूळ आहे ना आत. आणि हे पातळ झालेलं—”

“तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात. एक काय ते सांगा, मी करतो.”

मी काकाजींकडं पाहिलं. त्यांचा दुपट्टा नाकावर होता. बाहेर पावसाचा जोर वाढला होता, खिडक्या उघड्या होत्या आणि कागद दमट होऊन टेबलाला चिकटत होते. मेण जुनं झालं होतं. मी अंगठ्याच्या नखानं ते कडेनं सोडवलं, बूच अर्धा फेरा फिरवलं आणि जरा वर उचललं.

बाबूंनी रुमाल शोधला, सापडला नाही. त्यांनी डाव्या हातानं नाक धरलं, उजव्या हातानं ‘वायू’वर खूण केली आणि तक्ता काखेत मारून व्हरांड्यात गेले.